वाणाची वाटी

मी काय नोकरी करते, हे माझ्या आईला कधी धड सांगता आलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती म्हणायची, "बायकांच्या आरोग्याचं काहीतरी आहे. जीप येते न्यायला." जीप येते याचं तिला फार कौतुक. वडील कोर्टात कारकून होते, सायकलनं जायचे, सायकलनंच यायचे, आणि ते गेल्यापासून आमच्या घरापुढं कुठलंच वाहन थांबलं नव्हतं. मी मात्र खरं ते सांगायची. एड्स म्हटलं की काकू कप खाली ठेवायच्या आणि त्यांना एकदम घरचं काम आठवायचं. आठवू दे, मला काय!

ऑफिस यवतमाळजवळ लोहाऱ्याला, एमआयडीसीत. ऑफिस म्हणजे सरकीच्या तेलाच्या एका बंद मिलच्या आवारातल्या दोन खोल्या. भिंतींना ढेपेचा वास होता, तो कितीही उदबत्त्या लावल्या तरी गेला नाही. परदेशातल्या एका संस्थेनं ग्रँट दिली होती आणि त्या ग्रँटमधून आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत एक अभ्यास चालायचा. नवरा-बायको या रोगाबद्दल एकमेकांशी बोलतात का, बोलायला शिकवलं तर बोलतात का, आणि मग बाई स्वतःच्या पायांनी जाऊन तपासणी करून घेते का, एवढंच पाहायचं होतं. मी गावात जाऊन बायकांच्या बैठका घ्यायची आणि मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात बसायची, कारण तपासणी तिथं मंगळवारीच व्हायची.

कापसाची ती वाईट वर्षं. कापूस घरात पडलेला, भावाचा पत्ता नाही, म्हणून गावातले पुरुष मिळेल त्या कामाला बाहेर. कुणी सुरतेला, कुणी हैदराबादेकडे, कुणी रुईच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर. पोळ्याला नाहीतर दिवाळीला घरी यायचे. येताना साडी आणायचे, पोट्ट्यांना खाऊ आणायचे, आणि आणखी काय आणायचे ते त्यांनाही ठाऊक नसायचं. त्या वर्षांत आमच्याकडं कॅमेरेवाल्यांची रीघ लागलेली असायची. यायचे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांचे फोटो काढायचे, जायचे. देशभरच्या पेपरांत आमच्या विधवा छापून आल्या. हे सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

आमच्या मॅडम पुण्याच्या. हुशार बाई, कामाला वाघीण. वाईट तर अजिबात नव्हत्या, आणि हेच माझं दुखणं आहे. वाईट असत्या तर चार शिव्या देऊन मी केव्हाच मोकळी झाले असते. बायका बैठकीला येईनात तेव्हा मॅडमनीच डोकं लढवलं. बाईला घरातून न विचारता, न भांडता कुठं जाता येतं? हळदी-कुंकवाला. कुठली सासू सुनेला हळदी-कुंकवाला जाऊ नको म्हणेल? झालं, आमच्या बैठका हळदी-कुंकू म्हणून सुरू झाल्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, हळद-कुंकू, तिळाचा लाडू, आणि मग शाळेचं फाटक लावून घेऊन बोलणं. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, तरी आमचं चालूच. बायका हसायच्या. "तुमच्या हापिसात बारमाही संक्रांत हाये का व बाई?"

आणि मॅडमची दुसरी युक्ती तर मला आजही सोन्यासारखी वाटते. दवाखान्याच्या खिडकीवर बसणारा माणूस साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचा, "हां, काय होते? कायचे कागद काढू?" आता एवढ्या लोकांत बाईनं काय सांगायचं? म्हणून शेवटच्या बैठकीला प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी द्यायची. यवतमाळच्या भांडेवाल्याकडून त्या वाट्यांच्या बुडाला ठिपक्यांचं फूल ठोकून घेतलं होतं, आपण भांड्यावर नाव टाकतो ना, तसं. ती वाटी खिडकीवर ठेवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. तो माणूस मानेनंच आतली खोली दाखवायचा. आत मी बसलेली. बाई यायची, खुर्चीवर बसायची आणि हुश्श करायची. वाटी घेऊन बाया यायला लागल्या आणि मी खरंच सांगते, मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटायला लागला.

पण वाण सवाष्णीला देतात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वडील गेल्यावर शेजारच्या काकूंकडं हळदी-कुंकू असलं की आई सकाळपासून लाडू वळायची आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. कुणी तिला जा म्हणायचं नाही. ती आपली आपणच जायची. म्हणून पहिल्याच मीटिंगला मी विचारलं होतं, "मॅडम, विधवा बायकांचं काय? त्या येणार नाहीत."

"त्या दुसऱ्या टप्प्यात आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या घरी जाऊन, एकेकीला भेटून. प्रपोजलमध्ये तसंच आहे."

"दुसरा टप्पा कधी?"

"पुढच्या वर्षी."

"तोपर्यंत?"

"अगं, मध्येच पद्धत बदलली तर अभ्यासाला अर्थ राहत नाही. त्यांनाही देणारच आहोत आपण, फक्त नंतर."

नवरा मेल्यावर ज्या बाईनं सगळ्यात आधी तपासून घ्यायला हवं तिचा नंबर पुढच्या वर्षी. मी मीटिंगमध्ये जरा चढ्या आवाजात बोलले तर मॅडमनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. प्यायले पाणी. करते काय?

नेर रोडवरच्या एका गावात ती पोरगी होती. वय विशी-बाविशीचं, सासरी सासू आणि ती, नवरा गाठींच्या ट्रकवर ड्रायव्हर. पहिल्याच बैठकीत ती पुढं सरकून बसली आणि मी बोलायची थांबले तशी म्हणाली, "बाई, एक इचारू? रागावसान तं नाई?"

"विचार."

"घरवाला दोन-दोन महिने येत नाई. आला का पोट भरून जेवते आन् झोपते. निरोधचं काढाव तं कवा काढाव? भाजी वाढता वाढता का?"

व्हरांडा हसून लोळला. मी सांगायला लागले, कसं बोलायचं, कुठून सुरुवात करायची, तर ही गालावर हात ठेवून ऐकतेय आणि मध्येच म्हणते, "तुमचं तं लगन नाई झालं बाई, तुमाले हे सारं कोनं शिकोलं?" परत हशा. मी पण हसले. नोकरीतली माझी सगळ्यात चांगली दुपार ती.

पुढच्या बैठकीला ती आली ती सांगायलाच. "काढला बाई इषय. पयले मारतो का काय असा पाहे माह्याकडं. मंग हासला. पुढच्या खेपेले पाहू म्हने." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी. तेव्हा तिला दिवस गेले होते. ते तिनं माझ्या कानात सांगितलं आणि पुढच्या खेपेला त्याला तपासणीला घेऊनच येते म्हणाली.

पुढच्या खेपेला तो आला तो खोकत आणि तापत. ट्रकवरून दुसऱ्यांनी धरून उतरवला. गाव म्हणालं टीबी. असेलही टीबी, वरवर तोच दिसतो. उन्हाळा लागायच्या आत तो गेला. आमची वाट्या वाटायची शेवटची बैठक त्यानंतर झाली. तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती.

मी मॅडमना न विचारता तिच्या घरी गेले. सासू दारातच बसलेली, आत अंधारात ही भिंतीला टेकून. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला बघून नुसती बघत राहिली. सासूनं पाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, तिले आता तुमच्या त्या कार्यक्रमाले नोका बलावू. तिले पावत नाई आता ते."

आमचा नियम होता, घरातल्या दुसऱ्या माणसासमोर त्या रोगाचं नाव काढायचं नाही. नियम बरोबरच होता. नाव काढलं असतं तर सासूनं तिला त्याच दिवशी घराबाहेर काढली असती, अशी घरं मी पाहिली होती. मी फक्त म्हणाले, "पोटुशी आहेस. मंगळवारी दवाखान्यात ये. मी असते तिथं. नक्की ये." तिनं मान हलवली. तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत मला ते स्पष्ट दिसलं. आणि वेळही होता. त्या काळी बाळंतपणाच्या वेळी आईला गोळी आणि बाळाला औषधाचे थेंब देत. त्यानं लेकरू वाचायची चांगली आशा असायची. मात्र बाईला रोग आहे हे आधी कळलं पाहिजे. सगळं त्या एका तपासणीवर अडलेलं.

पुढचे मंगळवार मी दारावर नजर ठेवून बसले. ती आली नाही. सासू सोडत नसेल, म्हटलं. वर्षाच्या आत विधवेनं दवाखान्यात तरी काहून जायचं, असं म्हणणारी माणसं असतातच.

मग पाहुणे आले. ग्रँट देणाऱ्या संस्थेचे, एक दिल्लीचे साहेब आणि एक गोऱ्या बाई. दौरा नेमका मंगळवारी. मी मॅडमना म्हणाले, मला दवाखान्यात बसू द्या. त्या म्हणाल्या, "एक मंगळवार गं. पुढची सगळी ग्रँट या एका दिवसावर आहे. दुसरा टप्पा नको का तुला?" हवा होता. त्याच्यासाठीच तर जीव चालला होता माझा. गेले.

बाभुळगावकडच्या एका गावात हळदी-कुंकू मांडलं. रांगोळी, ताशा, सगळं. बायकांनी त्या गोऱ्या बाईंना पाटावर बसवलं, ठसठशीत कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ दिला. मॅडमनी फूल ठोकलेली वाटी त्यांच्या हातात ठेवली आणि ती युक्ती समजावून सांगितली. बाईंचे डोळे भरून आले. दिल्लीच्या साहेबांनी फोटो काढले.

परतताना मी जीपमध्ये मागं, त्यांच्या समोर. वाटी मांडीवर धरून बाई मॅडमना म्हणाल्या की माझ्या नवऱ्याला हे सगळं फार आवडलं असतं, तो गेल्या वर्षी वारला. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी त्या बाईंच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघत बसले. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या बाईला विचारावं लागत नाही, तिच्या कपाळावरून कळतं. मला हसू आलं आणि इतका राग आला की नारळ जीपच्या काचेवर फोडावासा वाटला.

पाहुण्यांनी काम फार नावाजलं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिल्लीहून फोन आला की संस्थेनं आपली दिशा बदलली आहे, आता पैसा दुसऱ्या देशांत आणि दुसऱ्या विषयांवर जाणार, पहिला टप्पा उत्तम झाला, अभिनंदन. दुसरा टप्पा नाही. मॅडम फोन ठेवून बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसल्या. मग रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते आणि मला त्यांची दया येईना. जीप गेली, कॉम्प्युटर गेले, सतरंजी कुणीतरी नेली. दुसऱ्या टप्प्यासाठी आणलेल्या वाट्यांचं पोतं कोपऱ्यात पडलं होतं, विधवांसाठी आणलेल्या वाट्या. त्या कुणाला नको होत्या. मी रिक्षात घालून घरी आणल्या. आईनं पोतं पलंगाखाली सरकवलं.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं नेर रोडला गेले. तिच्या दाराला कडी. सासू शेतात तूर खुरपत होती. म्हणाली, पोरीला बाळंतपणाला माहेरी नेलं, पैनगंगेच्या पलीकडं. गावाचं नाव नीट सांगेना. "काहून इचारता बाई? तुमचं हापिस तं बंद झालं म्हनतात."

खरंच, काहून विचारते? मी आता कोण होते? बांधावर उभी राहून मी तिला म्हणाले, निरोप द्या, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा म्हणावं. ती हो म्हणाली. खाली वाकून परत खुरपायला लागली. मला तिथं ओरडून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं, आणि सांगितलं असतं तरी त्या पोरीचं भलं झालं नसतं, हे मला अजूनही पटतं. पण पटून काय करू?

पुढच्या वर्षीच्या थंडीत ती मला भेटली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात, लेकरांच्या वॉर्डात. आमच्या गल्लीतल्या एका बाळाला बघायला मी गेले होते. भिंतीकडच्या पलंगावर ती मांडी घालून बसलेली, मांडीवर मुलगी. एवढीशी. हातपाय काडीसारखे, डोळे मात्र थेट आईचे. पलंगाच्या टोकाला अडकवलेल्या कागदावर काय लिहिलंय ते मी लांबूनच वाचलं.

तिनं मला ओळखलं. हसली. खरंच हसली! "बसा ना बाई," म्हणाली आणि पलंगावर जागा केली.

मला राहवलं नाही. "का नाही आलीस गं? किती वाट पाहिली मी. मंगळवारी ये म्हटलं होतं ना तुला?"

"आलती ना," ती म्हणाली.

"कधी?"

"आलती बाई. बुढीले म्हनलं माहेरी निरोप धाडाले जातो. चालत सडकेपर्यंत गेली, मंग टेम्पोनं. व्हरांड्यात पाह्यलं तं आपल्या गावच्या बाया उभ्या. एकएक बाई खिडकीत वाटी ठेवे आन् आत जाये. माह्याजवळ वाटी नोयती."

"अगं, वाटी कशाला? मला हाक मारायची!"

"तुमी नोयत्या त्या दिशी. दुसरी बाई बसलती. खिडकीतला मानूस म्हने, काय होते तुले? साऱ्या बाया पाहून राह्यल्या माह्याकडं. म्या म्हनलं, काई नाई." तिनं मुलीच्या तोंडावरची माशी उडवली. "मले वाटलं, ज्याईले वान भेटलं त्याईचंच असन ते. आपलं कायचं आता? मले सारं मायत होतं बाई. तुमी सांगलेलं सारं पाठ होतं. गोळी घ्या लागते, लेकराले थेंब द्या लागते. पोटात दुखाले लागलं तवाबी म्हनलं मायले, दवाखान्यात चाल. रस्त्यातच झाली हे."

कुठला मंगळवार, हे मी विचारलं नाही. मी फक्त एकच मंगळवार गेले नव्हते.

मी घरी आले, पलंगाखालचं पोतं ओढलं आणि एक वाटी काढली. का काढली? माझं मलाच ठाऊक नाही. संध्याकाळी भाताची पेज आणि ती वाटी घेऊन परत गेले. तिनं वाटी उलटी करून बुडाचं फूल पाहिलं, त्याच्यावरून अंगठा फिरवला, मग सुलटी करून तीत पेज ओतली. मुलीनं दोन घोट घेतले. उरलेले ओघळले. ती पदरानं पुसत राहिली.

नंतर मी जात राहिले. डॉक्टर चांगले होते, जमेल ते करत होते. उशीर झाला होता, त्याला ते तरी काय करणार? एक दिवस गेले तर पलंगावर दुसरं लेकरू होतं. पलीकडच्या बाईनं नुसती मान हलवली.

त्यानंतर काही दिवसांनी मी कामासाठी एका शाळेत मुलाखत देऊन घरी आले, तर आई पुढच्या खोलीत बसली होती. सहसा त्या वेळी ती चुलीपाशी असते. तिच्यासमोर स्टुलावर ती वाटी.

"एक पोरगी आली होती," आई म्हणाली. "घर विचारत विचारत आली. वाटी द्यायची होती म्हणे तुझी. मी म्हटलं, अगं, तुझीच आहे ती, तुला दिली आहे तिनं. तर म्हणते कशी, हे सवासिनीचं वान हाय मावशी, आमच्या घरी नाई पावत. चहा घे म्हटलं, नको म्हणाली. निघाली." आई वाटीकडं बघत पुढं म्हणाली, "दारातून बाई निघाली की आपण कुंकू लावतो गं. माझा हात जुन्या सवयीनं करंड्याकडं गेला. मग आठवलं. तिनंही पाहिलं माझ्याकडं. दोघींपैकी कुणी कुणाला लावायचं?"

मी वाटी उचलायला गेले तर आई म्हणाली, "हळू. सांडेल."

वाटी घासूनपुसून लख्ख केलेली होती. आत चिमूटभर साखर होती. लेकराला माती देऊन आलेल्या त्या पोरीनं आठवणीनं घातली होती, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.